वृद्धनिवासांतील विजेची गाडी : तिची पारख कशी करावी?

घरांतील लहान मूल पहिलें पाऊल टाकूं लागलें म्हणजे सारें घर आनंदून जातें. आजी हात पुढें करते, काका टाळ्या वाजवितात, आणि मूल धडपडलें तरी 'आतां चालूं नकोस' असें त्याला कोणी सांगत नाहीं. आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला मात्र नेमका उलटा प्रकार दृष्टीस पडतो. गुडघे कुरकुरूं लागले, चालतांना एकदां तोल गेला, कीं घरांतील कर्ती मंडळी म्हणूं लागतात, 'आतां आपण कशाला बाहेर जातां? हवें तें आम्ही आणून देऊं.' ह्या बोलण्यांत माया असते ह्यांत शंका नाहीं. परंतु भाजी आणून देतां येते, ती स्वतः निवडून घेण्यांतलें समाधान आणून देतां येत नाहीं. देवळांतला प्रसाद घरीं आणतां येतो, देवळापर्यंत आपल्या मर्जीनें जाण्यांतलें स्वातंत्र्य पुडींत बांधून आणतां येत नाहीं.

वृद्धांचें हें स्वातंत्र्य आणि त्यांची सुरक्षितता यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न सर्वच देशांपुढें आहे. ऑस्ट्रेलियांत तो एका लहानशा वाहनाच्या निमित्तानें फार स्पष्टपणें पुढें आला. तें वाहन म्हणजे मोबिलिटी स्कूटर. तेथील वृद्धनिवासांत राहणाऱ्या एखाद्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांच्या गृहस्थानें ही गाडी चालवावी कीं नाहीं, हें कोणी आणि कसें ठरवावें, ह्याचा विचार त्या देशांत बराच झाला आहे. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलें मेलबर्न-सिडनीकडे स्थायिक झालीं आहेत, आणि कांहींचे आईवडीलहि उतारवयांत तिकडेच राहिले आहेत. शिवाय अशीं वाहनें आतां आपल्याकडील बाजारांतहि मिळतात. तेव्हां ह्या विषयाची ओळख करून घेणें अप्रस्तुत होणार नाहीं.

वाहनाची ओळख

मोबिलिटी स्कूटर म्हणजे आपल्याकडील दुचाकी स्कूटर नव्हे. तीन किंवा चार लहान चाकांवर बसविलेली, बॅटरीवर चालणारी ती एक खुर्ची होय. खुर्चीपुढें सुकाणूसारखा उभा दांडा असतो व त्याच्या मुठीजवळ एक पट्टी असते. ती बोटानें वा अंगठ्यानें दाबली कीं गाडी चालते, सोडली कीं थांबते. वेगाची मर्यादा ठरविणारें एक गोल बटण असतें. त्याच्या एका बाजूस कासवाचें व दुसऱ्या बाजूस सशाचें चित्र पुष्कळ गाड्यांवर काढलेलें असतें. अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत ॲल थीम ह्या गृहस्थांनीं १९६८ सालीं आपल्या कुटुंबांतील एका आजारी व्यक्तीसाठीं अशी गाडी तयार केली व तिचें नांव 'अमिगो', म्हणजे 'मित्र', असें ठेविलें. दक्षिण व पश्चिम ऑस्ट्रेलियांत लोक ह्या गाडीला लाडानें 'गोफर' म्हणतात.

चाकांची खुर्ची आणि ही गाडी यांत एक भेद ध्यानांत ठेवावा. ज्याला चार पावलें चालतां येतात, आधाराशिवाय ताठ बसतां येतें आणि दोन्ही हात पुढें करून दांडा वळवितां येतो, अशाच माणसासाठीं ही गाडी आहे. ज्याचें धड सांवरत नाहीं त्याला ती उपयोगाची नाहीं, उलट घातक आहे.

ह्या गाडीच्या साधेपणांतच एक धोका दडलेला आहे. सायकल चालविण्याची ज्याला जन्मभर संवय, तो घाबरला म्हणजे मूठ आवळतो, कारण सायकलीचा ब्रेक मुठींत असतो. ह्या गाडींत मूठ आवळली तर पट्टी दाबली जाते, आणि गाडी थांबण्याऐवजीं जोरानें पुढें जाते. ज्याला मोटारीची संवय, त्याचा पाय ब्रेक शोधूं लागतो. येथें तर पायाला कामच नाहीं. म्हणून 'मीं चाळीस वर्षें मोटार हांकली, मला ही खेळण्यासारखी गाडी काय शिकवितां?' असें जो म्हणतो, त्यालाच शिक्षणाची अधिक जरुरी असते.

परवाना नाहीं, म्हणून परीक्षा

ऑस्ट्रेलियांतील रहदारीच्या नियमांप्रमाणें, सपाट जमिनीवर ताशीं १० किलोमीटरपेक्षां अधिक वेगानें जाऊं न शकणाऱ्या अशा गाडीवर बसलेला मनुष्य पादचारीच समजला जातो. त्यानें पादचाऱ्यांच्या वाटेनें जावें, आणि त्याला वाहन चालविण्याचा परवाना लागत नाहीं. ब्रिटनमध्यें १९८८ च्या नियमांनीं ह्या गाड्यांचे दोन वर्ग केले आहेत. एक वर्ग केवळ पादचारी मार्गासाठीं, ताशीं ४ मैलांचा. दुसरा रस्त्यावर ताशीं ८ मैलांपर्यंत जाऊं शकणारा, व त्याची सरकारदरबारीं नोंद करावी लागते. परंतु चालविणाऱ्याला परवाना तेथेंहि लागत नाहीं. १२.३ मीटरांवरून मोटारीचा नंबर वाचतां यावा, अशी सूचना मात्र केलेली आहे.

कायद्याची ही उदारता योग्यच आहे; पायांनीं अधू झालेल्या माणसाला चालण्यासाठीं परवाना मागणें अन्यायाचें होईल. परंतु तिचा एक परिणाम असा होतो कीं, दृष्टि मंदावल्यामुळें वा स्मरणशक्ति ढळल्यामुळें ज्याचा मोटारीचा परवाना जातो, तोच मनुष्य पुष्कळदां ही गाडी विकत घेतो, आणि त्या वेळीं त्याला कोणीहि कांहीं विचारीत नाहीं. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोनॅश विद्यापीठाच्या एका अभ्यासांत जुलै २००० ते ऑगस्ट २०१० ह्या काळांत ह्या गाड्यांशीं संबंधित असे ६२ मृत्यू ऑस्ट्रेलियांत नोंदलेले आढळले. पुढें २०१८ सालीं तेथील सिनेटच्या एका समितीनें ह्या गाड्यांच्या नियमनाची स्वतंत्र चौकशी केली.

वेगाचा हिशेब घरच्या घरीं करून पाहण्यासारखा आहे. ताशीं १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारें २.८ मीटर. पुढें कोणी आडवें आलेलें दिसल्यापासून पट्टीवरचें बोट उचलण्यास वृद्ध माणसाला दीड सेकंद लागला, तर तेवढ्यांत गाडी ४ मीटरांहून अधिक पुढें गेलेली असते, म्हणजे एका साधारण खोलीची लांबी ओलांडून जाते. तीच गाडी ताशीं ४ किलोमीटरनें चालली तर हें अंतर पावणेदोन मीटरांच्या आंत राहतें. शिवाय वेग दुप्पट झाला कीं धक्क्याचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. गाडी आणि बसणारा मिळून दीड-दोनशें किलोंचें ओझें असतें. वृद्धनिवासाच्या बोळांत पुढें चालणारी व्यक्ति कोण असते? हातांत चालण्याचा सांगाडा धरून हळूहळू पावलें टाकणारी, हाडें ठिसूळ झालेली एखादी आजी. तिला लागलेला हलका धक्काहि खुब्याचें हाड मोडण्यास पुरतो, आणि त्या वयांत खुब्याचें हाड मोडणें म्हणजे कित्येकदां अंथरूण धरणेंच होय. एकाचें स्वातंत्र्य दुसऱ्याच्या जिवावर बेतूं नये, म्हणून ही परीक्षा.

माणसाची पारख

परीक्षा करण्याचें काम बहुधा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे असतें. रोजचीं कामें माणसाला पुन्हां कशीं करतां येतील, ह्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास केलेली ही व्यक्ति असते. ती प्रथम डोळे पाहते. केवळ अक्षरें वाचतां येतात कीं नाहीं एवढेंच नव्हे, तर दोन्ही बाजूंचें दिसतें कीं नाहीं, आणि राखी फरशीवरची राखी पायरी ओळखूं येते कीं नाहीं, हेंहि. काचबिंदूनें कडेची नजर जाते, आणि रोग्याला तें पुष्कळ दिवस कळतसुद्धां नाहीं. अर्धांगाच्या झटक्यानंतर कांहीं माणसांना डावीकडचें जगच जणूं अस्तित्वांत नसतें. डोळे धड असूनहि लक्ष तिकडे जात नाहीं, आणि गाडी दाराच्या डाव्या चौकटीवर पुन्हां पुन्हां आदळते. नंतर मान वळते का, मूठ मिटते व उघडते का, खुर्चीवर चढतां-उतरतां येतें का, ऐकूं किती येतें, दिवसांतून कोणत्या औषधांनीं गुंगी येते, हें सर्व पाहिलें जातें.

ह्यानंतर बुद्धीची तपासणी. येथें परदेशीं राहणाऱ्या मराठी कुटुंबांनीं एक गोष्ट अवश्य लक्षांत ठेवावी. जन्मभर मराठींत विचार केलेल्या माणसाची स्मरणशक्ति इंग्रजींत तपासली, तर भाषेची अडचण ही बुद्धीची अडचण म्हणून नोंदली जाण्याचा संभव असतो. अशा वेळीं दुभाष्याची मागणी संकोच न करितां करावी. मुलानें वा सुनेनें स्वतः दुभाषी होऊं नये, कारण मायेपोटीं उत्तर सुचविण्याचा मोह आवरत नाहीं. निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या लोकांची अडचण ओळखूनच सिडनी येथें 'रूडास' नांवाची एक तपासणी तयार झाली व २००४ सालीं ती प्रसिद्ध झाली. तींत एक प्रश्न असा आहे कीं, तुम्ही वर्दळीच्या रस्त्याच्या कडेला उभे आहां, तेथें रस्ता ओलांडण्याची खूण नाहीं, सिग्नल नाहीं. तर पलीकडे सुखरूप जाण्यासाठीं काय कराल? आमच्या विषयाला ह्याहून चपखल प्रश्न सांपडणें कठीण.

परंतु कागदावरच्या कोणत्याहि तपासणीनें निर्णय पुरा होत नाहीं, ह्याबद्दल जाणकारांत दुमत नाहीं. कागदावर कमी गुण मिळविणारी एखादी बाई रोजच्या वाटेनें बिनचूक गाडी नेते, आणि बोलण्यांत चतुर असणारा एखादा गृहस्थ लिफ्टच्या दारांत गोंधळून जातो. म्हणून माणसाला प्रत्यक्ष गाडीवर बसवून पाहणें, हाच खरा मार्ग.

ह्या कामासाठीं दीर्घकालीन निवासांत राहणाऱ्या माणसांसाठींच बनविलेली एक पद्धति कॅनडांत आहे. डॉसन, चॅन आणि कायझरमन ह्या तिघी थेरपिस्टांनीं ती तयार केली व तिची पहिली माहिती १९९४ सालीं प्रसिद्ध केली. त्या पद्धतींत ३० कृति आहेत, आणि त्या सर्व निवासांतल्या रोजच्या आहेत. पलंगाजवळ गाडी नेणें, न्हाणीघरांत शिरणें, दार उघडून जाणें, लिफ्टमध्यें चढणें-उतरणें, उतारावरून जाणें, गर्दींतून वाट काढणें, अचानक कांहीं आडवें आल्यास थांबणें, ह्या त्या कृति होत. प्रत्येक कृतीला १ ते ४ गुण देतात. पूर्णपणें स्वतःच्या बळावर केली तर ४. अडखळत, दोन-तीन प्रयत्नांनीं केली, वा कशाला हलका धक्का लागला तर ३. वस्तूंना वा माणसांना इजा होईल असा धक्का लागला तर २. आणि कृति पुरी करतांच आली नाहीं, तर १. ह्या गुणदानांतील मर्म असें कीं, हळू चालविणाऱ्याला येथें शिक्षा नाहीं. इजा होईल असा धक्का लावणाऱ्याला आहे. शिवाय कोणत्या कृतींत गुण गेले तें कळतें, म्हणून काय शिकवावयाचें तेंहि आपोआप कळतें.

गाडीची आणि जागेची पारख

माणूस उत्तम असला आणि गाडी त्याच्या मापाची नसली, तर दोष माणसाच्या माथीं बसतो. तीन चाकांची गाडी थोड्या जागेंत वळते, परंतु वेगानें वळविल्यास कलंडण्याचें भय तिला अधिक. चार चाकांची अधिक स्थिर, पण तिला वळण्यास जागा लागते. पाय टेकत नाहींत इतकी उंच खुर्ची, हात ताणावा लागेल इतका दूर दांडा, मागें टांगलेली जड पिशवी, ह्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी तोल बिघडवितात. टायर, ब्रेक, भोंगा व दिवे नियमानें तपासले पाहिजेत. बहुतेक गाड्यांना, त्या ढकलून नेतां याव्यात म्हणून, चाकें मोकळीं करणारी एक कळ असते. ती उतारावर ओढली तर ब्रेक राहत नाहीं आणि गाडी घरंगळत जाते. ही कळ कोठें आहे आणि ती केव्हां ओढूं नये, हें निवासांतील प्रत्येक सेवकाला ठाऊक असावें.

बॅटरी भरण्याची जागा हाहि परीक्षेचाच भाग आहे. बाहेर पडण्याच्या वाटेंत वा जिन्याखालीं गाडी उभी करून रात्रभर वीज जोडून ठेवणें म्हणजे आगीच्या प्रसंगीं पळण्याची वाटच बंद करणें होय. भरण्याचें साधन त्या गाडीबरोबर आलेलें तेंच वापरावें.

मग राहिली जागा. बोळाची रुंदी, दाराचा उंबरा, लिफ्टचें माप, पदपथाचा उतार, रस्ता ओलांडण्याचें ठिकाण, हें सर्व त्या माणसाच्या रोजच्या वाटेवर पाहिलें पाहिजे. त्याला चहाच्या दुकानापर्यंत जावयाचें असेल तर परीक्षाहि चहाच्या दुकानापर्यंतच घ्यावी. पायरीवजा कडा तिरकी ओलांडूं नये; उतार असेल तेथून सरळ रेषेंत जावें. उतारावर आडवें वळूं नये. खालीं बसलेला मनुष्य उभ्या मोटारीच्या आड सहज दिसेनासा होतो, म्हणून उंच काठीला निशाण लावावें.

निकाल कसा असावा

आमच्या मतें सर्व विषयाचा गाभा येथें आहे. परीक्षा म्हटली कीं उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण असे दोनच निकाल आपल्या डोळ्यांपुढें येतात. परंतु ह्या परीक्षेचा चांगला निकाल बहुधा दोहोंच्या मधला असतो. समजा, एका बाईंना तिन्हीसांजेला नीट दिसत नाहीं. तर त्यांनीं उजेडांतच जावें. समजा, एका गृहस्थांना मोकळ्या बागेंत गाडी उत्तम चालवितां येते, पण जेवणाच्या घंटेच्या वेळीं दालनांतील गर्दींत ते गोंधळतात. तर बागेंत मुभा असावी, आणि जेवणाच्या वेळीं गाडी दालनाबाहेर ठेवावी. कोणाचें वेगाचें बटण कासवाच्या बाजूलाच कायम करून ठेवावें, कोणाबरोबर पहिला महिना सोबत असावी, कोणाला चार धडे अधिक द्यावेत. मोतीबिंदू काढल्यावर नजर सुधारली, तर घातलेली अट उठवितांहि आली पाहिजे. आणि सर्व उपाय करूनहि दुसऱ्याच्या जिवाला धोका उरतच असेल, तर नाहीं म्हणण्याचें धैर्यहि पाहिजे. त्या वेळीं मात्र नुसती किल्ली काढून घेऊन भागत नाहीं. त्या माणसाच्या रोजच्या फेरीची दुसरी सोय करून द्यावी लागते.

हा निकाल एकदां लागला कीं कायमचा, असेंहि नाहीं. ठराविक महिन्यांनीं, तसेंच पडणें, इस्पितळांतून परत येणें, औषध बदलणें वा गाडी कोठें आदळणें, अशा प्रत्येक प्रसंगानंतर पुन्हां पाहणें अवश्य आहे. गाडीच्या कोपऱ्याचा उडालेला रंग आणि भिंतीवरचे ओरखडे पुष्कळ कांहीं सांगून जातात.

सुरक्षिततेच्या नांवाखालीं माणसाला जखडून ठेवणें हीहि एक इजाच आहे, हा विचार अमेरिकेंतील रॉबर्ट पर्स्के यांनीं १९७२ सालीं मांडला. बुद्धीनें मंद समजल्या जाणाऱ्या लोकांविषयीं लिहितांना, धोका पत्करण्यांतहि मनुष्याची प्रतिष्ठा असते, असें त्यांनीं प्रतिपादिलें. ऑस्ट्रेलियाच्या वृद्धनिवासांना १ जुलै २०१९ पासून जीं गुणवत्तेचीं मानकें लागू झालीं, त्यांत रहिवाशाला उत्तम रीतीनें जगतां यावें म्हणून धोका पत्करण्यास साहाय्य करावें, असें स्पष्ट सांगितलें होतें. १ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आलेल्या तेथील नव्या कायद्यांतील हक्कांच्या जाहीरनाम्यांतहि हा हक्क नमूद केलेला आहे. ह्याचा अर्थ संचालकांनीं हात झटकावे असा नव्हे. धोका कोणता, तो कमी कसा करतां येईल, आणि उरलेला धोका त्या माणसाला समजून उमजून मान्य आहे का, हें त्याच्याशीं बसून बोलावें, असा त्याचा अर्थ.

येथेंच आपल्या कुटुंबांच्या एका संवयीबद्दल चार शब्द लिहिणें भाग आहे. डॉक्टर असो वा थेरपिस्ट, वडिलांना बाहेर बसवून मुलाला आंत बोलावावें आणि निकाल मुलाला सांगावा, अशी आपली रीत. वडिलांना त्रास नको हा हेतु चांगला. परंतु ज्याचे पाय त्यालाच वार्ता शेवटीं, हें कांहीं बरें नव्हे. निकाल प्रथम त्यांना सांगावा, त्यांचें म्हणणें ऐकावें, आणि मुलांनीं शेजारीं बसून आधार द्यावा. ज्या वडिलांनीं घराचे सर्व निर्णय केले, त्यांच्याविषयींचा निर्णय त्यांच्या पाठीमागें होऊं नये.

आपल्याकडे अशी गाडी घेऊं पाहणाऱ्यांनींहि वरील क्रम सोडूं नये. चित्र पाहून वा परदेशस्थ चिरंजीवांच्या उत्साहावर विसंबून गाडी मागवूं नये. आधीं लिफ्टचें दार, न्हाणीघराचें दार व इमारतीच्या पायऱ्या मोजाव्या. आपल्या शहरांतील पदपथ पुष्कळ ठिकाणीं तुटके, उंच व अडविलेले असल्यामुळें, परदेशांत रस्त्यावर चालणारी गाडी येथें आवारापुरतीच वापरतां येईल, हें आधींच समजून असावें. नजर तपासून घ्यावी, दोन-चार दिवस गाडी चालवून पाहण्याची सवलत मागावी, आणि मूठ आवळण्याऐवजीं बोट सोडण्याची संवय पक्की होईपर्यंत मोकळ्या जागेंत सराव करावा.

आवाराच्या फाटकापर्यंत स्वतः जाऊन शेजाऱ्याशीं दोन शब्द बोलून येणें, ही तरुणाला गोष्ट वाटत नाहीं. वृद्धाच्या दिवसाचा तोच मोठा भाग असतो. परीक्षा घ्यावयाची ती हा भाग काढून घेण्यासाठीं नव्हे, तर होईल तितके दिवस, आणि कोणालाहि इजा न होतां, तो त्याच्याकडे राहावा म्हणून. ही दृष्टि ठेवून घेतलेली परीक्षा कडक असली तरी वृद्धांना ती जाचक वाटणार नाहीं, असा आमचा विश्वास आहे.